मुकुटाखालचा निवाडा

एका राज्यात राजाच नव्हता. डोंगराडोंगरांत इस्राएलाची कुळे राहत आणि त्यांचे तंटे वृद्ध तिरसा तोडी. पुढे समुद्राकडून शत्रू चालून आले. एका कुळाने हाक दिली, दुसरे जागचे हलले नाही. गावे जळाली. तेव्हा सारी कुळे माळावर जमून म्हणाली, "माते, आम्हांला राजा दे."

तिरसेच्या काळजाला घरे पडली. इतक्या वर्षांचा आपला शब्द यांना पुरेनासा झाला!

"राजा तुमची मुले रणात नेईल," ती म्हणाली.

"नेऊ दे. पण राजा हवा."

मुकुट एकच होता, गुहेतला, कुणा मांत्रिकाने शापलेला. त्यावर हुदहुद पक्ष्याचा पहारा. पक्षी म्हणाला, "हा घालील त्याला केवळ स्वतःचाच आवाज ऐकू येईल, आणि तो मधाहून गोड लागेल. न ऐकता निवाडा देईल, तो दगड होईल. ऐकून देईल, तो शाप मोडील आणि राजा होईल."

निवाड्याला आलेला तंटा विहिरीचा होता. शेत एका विधवेचे. त्यातली विहीर खणली धनगरांनी. पहिला आला तलवारबहाद्दर याईर. मुकुट चढवला, गर्जला, "विहीर धनगरांची!" आणि दगड झाला. दुसरा आला कळपांचा धनी शम्मा. "विहीर बाईची!" म्हणाला, तोही दगड झाला.

तिसरा अज्रिएल, एक कुंभार. तो मुकुट घालून बसला, तेव्हा तिरसेच्या मनात आले, हाही दगड होवो. त्या विचाराने ती स्वतःच दचकली.

"सांगा," म्हणायला अज्रिएलने तोंड उघडले. आपलाच स्वर ऐकून त्याचे डोळे मिटले. त्या गोडव्यात तो गुंगून गेला. मग त्याने डोळे उघडले. विधवेचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र येत नव्हता. त्याने दोन्ही हातांनी मुकुट उतरवून मांडीवर ठेवला.

"बाई, मला ऐकू आले नाही. पुन्हा सांगा."

तिने सांगितले. धनगरांनीही सांगितले. तो म्हणाला, "शेत बाईचे. विहिरीपर्यंत मेंढ्यांना वाट राहील. पहिली घागर बाईची."

दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. मुकुटातून धूर निघाला, शाप सरला. याईर नि शम्मा अंग झाडत उठले आणि अज्रिएलपुढे वाकले.

तिरसा राज्याभिषेकाच्या तेलाने भरलेले शिंग घेऊन पुढे झाली. अज्रिएल उठून उभा राहिला.

"माते, तुमची जागा मी घेतली," तो हळूच म्हणाला.

"घेतलीस खरी," ती म्हणाली. "खाली वाक, बाळा. माझा हात पोचत नाही."

राजा वाकला. तिने शिंग उपडे केले, आणि तेल सारे त्याच्याच माथ्यावर पडले.