शेकरूची मात्रा

रानातली झाडं अजून एकमेकांशी गप्पा मारत, त्या काळची ही गोष्ट. झिपरी नावाच्या शेकरूचे पाय सारखे थरथरत, म्हणून तिने उंचावरून झेपा घेणं सोडूनच दिलं होतं. साळिंदर वैद्याला नुकतीच एक नवी मुळी सापडली होती. त्याने झिपरीला तिचा नखाएवढा तुकडा दिला.

"एवढ्याने काय होणार, वैद्यबुवा? अख्खी द्या की," झिपरी म्हणाली.

"किती सोसते ते मलाही ठाऊक नाही. म्हणून जपून वाढवू."

तुकडा वाढत गेला, तशी थरथर ओसरत गेली. एके सकाळी ती पूर्ण थांबली. झिपरीने हरखून झेप घेतली, पण डोळ्यांवर मुळीची गुंगी होती. फांदी निसटली. खाली करवंदाची जाळी होती म्हणून ती वाचली.

तिच्या अंगातले काटे काढत साळिंदर म्हणाला, "आता तुकडा जरा लहान करू."

"मग थरथर परत येईल."

"थोडी येईल. पण झेप घेताना तू जागी असशील."

झिपरीने लहान तुकडा उचलला.

काही दिवसांनी ती जांभळीच्या शेंड्यावर दिसली. पाय किंचित थरथरत होते. तिने समोरची फांदी नीट न्याहाळली, झेप घेतली आणि ती घट्ट धरली.