सशाच्या पायावरची पावडर

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नेमकं तेव्हाच एका गावातल्या एका आईला सशाच्या मागच्या पायाला जखम दिसली.

आणि त्याच दिवशी गावात मुलांचं पशुप्रदर्शन होतं. कुणी करडू आणणार होतं, कुणी कोंबडा, आणि तिची लेक ससा. ससा नीट धरायला शिकण्यासाठी पोरगी तीन महिने खपली होती. सशाला कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि त्याचं तोंड आपल्या काखेत, म्हणजे त्याला अंधार होतो आणि तो बुजत नाही. हातावर ओरखडे निघाले, तरी तिनं ससा कधी खाली टाकला नाही.

जखम कशानं झाली ते आईला बघताक्षणी कळलं. पिंजऱ्यातलं गोणपाट वास मारतं म्हणून तिनंच काढून फेकलं होतं. आठ दिवस ससा नुसत्या जाळीवर बसून होता. तार रुतून रुतून पाय सोलवटला होता.

लेकीला सांगावं, तर ती रडेल, जातच नाही म्हणेल. वर जाऊबाई टपूनच बसलेल्या, "बघू या, तुमचा ससा काय दिवे लावतो ते!" लेक आंघोळीला गेली होती. आईनं तोंडाला लावायची पावडर आणली, जखमेवर थापली आणि वरून केस सारखे केले. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला काय कळणार?

मंडपात मुलं दोरीच्या आत, आयाबाया बाहेर. तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंच्या हातात माईक होता.

"उताणा करून दाखव बरं."

लेकीनं ससा इतका अलगद उलटा केला, की त्यानं पायसुद्धा झाडला नाही.

"शाब्बास! मोठ्या माणसांना जमत नाही हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. आईचा ऊर भरून आला. तेवढ्यात बाईंनी सशाच्या पायावरून अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला. त्यांनी वास घेतला.

"काय गं, ससा लग्नाला निघालाय का? पावडर कुणी लावली याला?"

सगळा मंडप हसला. लेकीनं पायाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली आणि पदराची पिन उगाच काढून पुन्हा लावली.

लेकीला काय समजायचं ते समजलं.

"मी लावली," ती म्हणाली.

"दुखणं झाकतात का, बाळा? ते मुकं आहे, त्याच्या वतीनं तू बोलायचंस. तुझं नाव यादीतून काढते मी."

"पोरगी भलतीच चालू निघाली हो!" जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. करडूवाल्या मुलाला बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या, तरी आई खांबासारखी उभीच.

शेवटी ती डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पावडर मी लावली हो. पोरीला काही माहीत नव्हतं."

"मला कानात सांगून काय होणार, ताई? तिला बोल लागले ते सगळ्यांनी ऐकलेत." बाईंनी माईक पुढे केला.

आईनं माईक घेतला. "माझ्या चुकीनं सशाला जखम झाली. पावडर मीच थापली. माझ्या लेकीनं काही केलं नाही," एवढं ती कशीबशी बोलली. नाव मात्र यादीत परत आलं नाही, कारण जखमी जनावर प्रदर्शनात चालतच नव्हतं. डॉक्टरबाईंनी मलम दिलं, एवढंच.

आई लेकीजवळ आली. "सांगितलं गं मी सगळ्यांना. आता तुला कुणी लबाड म्हणणार नाही."

लेकीनं काखेतल्या सशाच्या पाठीवरून हात फिरवला. "पण आई, मी खोटं बोलले हे आता सगळ्यांना कळलं ना?"

आईला लेकीच्या तोंडाकडे बघवेना.

तात्पर्य: चूक आपण झाकतो, पण ती झाकलेली राहावी म्हणून खोटं लेकराला बोलावं लागतं. मग आपण खरं सांगितलं, तरी त्याचं ते खोटं पुसलं जात नाही.

तुमच्या ओळखीत लेकराच्या काळजीपोटी त्याच्यापासून गोष्टी झाकून ठेवणारी कुणी आई असेल, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. उद्यावर टाकू नका.