अर्धा सुटलेला दगड

एकदा कोकणात, खाडीकाठच्या एका गावात, एलोजीबाबा नावाचे एक वृद्ध यहुदी गृहस्थ राहत होते. घाण्यावर तेल गाळून ते निर्वाह करीत आणि आळीतल्या मुलांना तोरा, म्हणजे मोशेचे धर्मशास्त्र, शिकवीत. पुढे एकेक कुटुंब इस्राएलला गेले. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे सगळी कामे बंद ठेवण्याचा पवित्र दिवस, लागला की ज्या प्रार्थनालयात साऱ्या आळीचे सूर मिसळत, तिथे आता बाबांचाच आवाज घुमत असे.

शेवटी त्यांचा आवडता शिष्य शिमशोनही निघाला. शनिवारी रात्री भरतीला होडी सुटणार होती. शुक्रवारी दुपारी तो छिन्नी घेऊन प्रार्थनालयात आला.

“बाबा, दिव्याच्या कोनाड्याखालचा हा दगड नेऊ? आजोबांनी घडवलेला आहे. तिथल्या घराच्या भिंतीत बसवीन.”

“ने की,” बाबा म्हणाले.

चुना चिवट होता. दगड अर्धा सुटला, तोवर ऊन माडांच्या शेंड्यांवर गेले. बाबांनी शिमशोनच्या हातातून छिन्नी काढून घेतली.

“शब्बाथ आला. थांब.”

“थोडंच राहिलंय, बाबा! मी पुन्हा येणार आहे का इथे?”

बाबांनी दिवा लावला, मनुकांचे सरबत त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटताना आपल्या पूर्वजांपाशी ना भूमी होती, ना मंदिर. देवाने त्यांना आधी काय दिले? ‘हा तुमचा पहिला महिना’ असे सांगून काळ दिला. गुलामाचा दिवस धन्याचा असतो. हातातले काम अर्धे ठेवून ‘हा दिवस देवाचा’ असे ज्याला म्हणता येते, तो सुटला. तू जिथे असा थांबशील, तिथे हे प्रार्थनालय उभे राहील. भिंत तेवढी इथे राहील, बाळा.” मग ते हळूच म्हणाले, “आणि मलाही ती हवी आहे रे.”

त्या संध्याकाळी दोघांनीच प्रार्थना म्हटली. जुन्या चालीत. मध्येच बाबांचा स्वर अडला, तेव्हा शिमशोनने तो पुढे नेला.

शनिवारी चांदण्या दिसल्या, शब्बाथ सरला आणि होडीवाल्याची हाक आली. बाबांनी छिन्नी पुढे केली. “घे. आता मी अडवत नाही.”

शिमशोनने छिन्नी घेतली नाही. दोन्ही तळव्यांनी रेटून त्याने दगड जागेवर बसवला. मग आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे बाबांचे हात हातांत घेतले, स्वतःची बोटे ओठांना लावली आणि तो खाडीकडे चालू लागला.

वल्ह्यांचा आवाज विरेपर्यंत बाबा दारात उभे होते. नंतर ते घाण्याच्या बैलाला वैरण घालायला गेले.