बेडकुलीची वाट आणि खोकणारं मशीन

एक होती बेडकुली. बोटाच्या पेराएवढी. तिची आई राहायची नळाखालच्या कुंडीत. बेडकुली गेली मामाच्या डबक्याला. चार दिवसांनी परत आली. पाहते तर काय, गवत हे एवढं वाढलेलं. घरची वाटच हरवली. तिला रडू आलं.

"गवता गवता, बाजूला हो. वाट दिसेना."

"मी नाही होत. मशीन कापेल, तर होईन."

टुणुक टुणुक, गेली गवत कापायच्या मशीनकडे.

"मशीन मशीन, गवत काप. गवत हटेना, वाट दिसेना."

"खॉक् खॉक्. मी नाही कापत. नाकात कचरा, पोटात शिळं पेट्रोल. मावशी साफ करेल, तर कापीन."

टुणुक टुणुक, गेली सगुणामावशीकडे. मावशी मशीनं दुरुस्त करायची. हातात पाना, मांडीवर बाळ.

"मावशी मावशी, ऊठ. मशीन चालेना, गवत हटेना, वाट दिसेना."

"कशी उठू गं बाई? बाळ रडतंय. बाळ हसेल, तर उठेन."

टुणुक, चढली मांडीवर.

"बाळा बाळा, हस. मावशी उठेना, मशीन चालेना, गवत हटेना, वाट दिसेना."

"ऊं ऊं. मी नाही हसत. खुळखुळा वाजेल, तर हसेन."

टुणुक टुणुक, गेली बाकाखाली. तिथे पडला होता खुळखुळा.

"खुळखुळ्या खुळखुळ्या, वाज. बाळ हसेना, मावशी उठेना, मशीन चालेना, गवत हटेना, वाट दिसेना."

"मी नाही वाजत. मला कोणी हलवेल, तर वाजेन."

आता कोणाला सांगायचं? इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोण्णी नाही. मग बेडकुलीने आपले हात पाहिले. इवलेसे होते, पण दोन होते. तिने खुळखुळा ढकलला.

खुळ खुळ खुळ.

खुळखुळा वाजला. बाळ हसलं. मावशी उठली.

मावशीने मशीन उघडलं. जुन्या टूथब्रशने घासलं, खस खस. नाकातला कचरा काढला, फू फू. शिळं पेट्रोल काढून ताजं घातलं. काळा प्लग पुसून चकचकीत केला. बेडकुलीला बाळाजवळ पायरीवर बसवलं. "इथून हलायचं नाही हं."

दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स.

"चल रे माझ्या राजा," मावशी म्हणाली.

धुडुक. धुडुक. धुडुक धुडुक धुडुक.

मशीन चाललं. गवत हटलं. वाट दिसली.

मावशीने कुंडीजवळचं मूठभर गवत मात्र राखलं. बेडकुलीला लपाछपी खेळायला लागतं ना.

टुणुक टुणुक टुणुक, बेडकुली घरी.

"आई, मला वाटच दिसेना."

"डराव डराव," आई म्हणाली. "आणि मी इथे तुझी वाटच पाहत होते."

गोष्ट गेली कुंडीत, बेडकुली आईच्या कुशीत.