जांभळीच्या वशाची कहाणी

ऐका वनजाई, तुमची कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक आटपाट नगर, तिथं एक राजा, त्याची राणी कुसुमावती. राणीला एकुलती एक लेक, नाव कमळजा. लेक तापातून उठली, पण तिची भूक गेली. भात दिला, नको म्हणाली. खीर दिली, नको म्हणाली. साखरमांडे दिले, तोंड फिरवून निजली. लेक वाळत चालली, राणीचा जीव थाऱ्यावर राहीना.

मग काय झालं? म्हातारीच्या वेषानं वनजाई दारी आली. म्हणाली, "बाई, लेकीला जांभळं घाल. भूक लागेल." राणी हरखली. बागेत जांभळीच जांभळी! राणीची माया मोठी. कीड दिसली की विषाचा फवारा मारायला लावी, मुळाशी व्यापाऱ्याकडची खताची पांढरी भुकटी घालायला लावी. फळं कशी? अंड्याएवढी, डाग नाही, ठिपका नाही. कमळजेनं एक खाल्लं, दोन खाल्ली, तीन खाल्ली. "गोड आहेत गं," म्हणाली, आणि पुन्हा निजली.

राणी रागावली. म्हातारीला गाठून म्हणाली, "आजीबाई, तुम्ही मला फसवलंत!" म्हातारी हसली. "अगं, गोडी आली, तुरटपणा कुठं आहे? कीड चावते, ऊन भाजतं, तेव्हा झाड आपलं तुरट औषध करतं, फळात साठवतं; भूक त्यानं लागते. तू त्याला काही करूच दिलं नाहीस."

"मग मी काय करू?"

"वसा घे. पालवी फुटली की धरावा, फळ हाती आलं की पुरा करावा. विष मारू नये, भुकटी घालू नये. शेण, पाचोळा, राख मुळाशी द्यावी. आणि कीड दिसली तर हात पदरात गुंडाळून बसावं."

राणीनं वसा घेतला. पालवी आली, मागोमाग अळी आली. राणी फवाऱ्याकडे धावली. येसाई माळीण आडवी आली. "राणीसाहेब, झाड आहे ते, पाळण्यातलं बाळ नव्हे!" राणी लाजली, मागं फिरली. पानांना भोकं पडली, राणी उठली, पुन्हा बसली. फळ बारीक राहिलं, राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात पदरात, मुखी वनजाईचं नाव.

मग फळं पिकली. बोराएवढी, खरचटलेली, काळीभोर. विहिरीकाठच्या एका जांभळीची मात्र फिकीच राहिली. राणी खट्टू झाली. येसाई म्हणाली, "एका आईची लेकरं तरी कुठं सारखी असतात? तिला पुढच्या साली विचारू."

कमळजेनं एक जांभूळ तोंडात टाकलं. "आई गं, केवढं तुरट!" तोंड वाकडं केलं, आणि दुसरं घेतलं. मग तिसरं घेतलं. जीभ जांभळी, ओठ जांभळे. जरा वेळानं उठून बसली, म्हणाली, "आई, भाकरी आहे का?"

राजवाड्यात भाकरी कुठली! राणी अनवाणी येसाईच्या चुलीशी धावली. येसाई म्हणाली, "बसा, थापते." राणी म्हणाली, "सरक गं, मला थापू दे." भाकरी झाली वेडीवाकडी, एका अंगानं करपलेली. लेकीनं तुकडा तुकडा मोडून सगळी संपवली. वर म्हणाली, "अजून एक."

राणीला जशी वनजाई प्रसन्न झाली, तशी तुम्हां-आम्हां होवो. घरोघरी लेकीबाळींना भूक लागो, चुलीवरचा तवा तापलेला राहो. साठा उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ऐकणारीच्या ओटीत सुफळ झाली, इथं संपूर्ण झाली.