तारेत ओवलेले तीन कागद

सन १९९७, एप्रिल महिना, भर उन्हाळा. सांगलीत एकदा एक तरुण हळद-व्यापारी मोठ्या संभ्रमात पडला. आदल्या वर्षी परगावच्या ग्राहकाने फोनवर मागवलेला माल, पोहोचल्यावर, "आम्ही मागवलाच नव्हता" म्हणून नाकारला होता. वडिलांनी बजावले होते, "पुन्हा असे झाले, तर पेढी तुझ्या चुलतभावाकडे जाईल." म्हणून यापुढे प्रत्येक मागणी लेखी घ्यावी, त्यासाठी फॅक्सचे यंत्र आणावे, असे त्याने ठरवले.

दुकानातले सर्वांत स्वस्त यंत्र गुंडाळीच्या गुळगुळीत कागदाचे होते. दुसरे साध्या कागदावर छापणारे, बेताच्या किमतीचे. तिसरेही साध्या कागदाचेच; परंतु ते फोनला आपणहून उत्तर देई आणि त्याला बटणेही पुष्कळ होती. विक्रेत्याने जितके समजावले, तितका त्याचा गोंधळ वाढला. अखेर तिन्ही यंत्रांवर एकाच मागणीचा मजकूर उतरवून घेऊन तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने खूण केली. मग पेढीवर मागणीपत्रे ओवतात तसे ते तारेत ओवून, एकमेकांवर येणार नाहीत असे, पश्चिमेच्या खिडकीत टांगले.

"गुरुजी, मी यंत्राविषयी विचारतो आहे, खिडकीविषयी नव्हे."

"ऐकू येते मला. अक्षय्य तृतीयेला ये."

"तोवर मी काय करू?"

"दुकाने कमी हिंड."

तो हिंडलाच, आणि अधिकच गोंधळला.

ठरल्या दिवशी सकाळीच तो आला. उन्हाने गुळगुळीत कागद काळवंडला होता. मागणी कोणाची, किती पोत्यांची, काही वाचता येईना. उरलेले दोन्ही कागद स्वच्छ होते.

"यांतला महागड्या यंत्राचा कोणता, जिनदत्ता?"

त्याने दोन्ही निरखून पाहिले. "सांगता येत नाही, गुरुजी."

"खूण पाहिल्यावाचून मलाही येत नाही. यंत्र काय काय करते, हे तू साऱ्या बाजाराला विचारलेस. तुझ्या पेढीवर कागद कुठे टांगला जातो, हे तुला एकट्यालाच ठाऊक होते. ते मात्र स्वतःला विचारले नाहीस. ग्राहक माल नाकारील, तेव्हा त्याला हा काळा कागद दाखवशील?"

शुक्रवार, ९ मे, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी मधले यंत्र पेढीवर आले. संध्याकाळी पहिली मागणी उतरली. त्याने ती वाचली आणि खिडकीतल्या जुन्या तारेत ओवली.