मामांचं पथ्य

फार पूर्वी, टेकडीखालच्या एका गावात एक मामा राहत होते. राहत होते म्हणजे अगदी ऐसपैस राहत होते. ते दारात उभे राहिले की घरात अंधार पडायचा आणि बाजेवर बसले की बाज कुरकुरायची. मामीही कुरकुरायची, पण तिचं ऐकतो कोण!

त्यांच्या घरी त्यांची भाची वाढली होती, बकुळा. आईबापांविना पोर. मामांच्या खांद्यावर बसूनच तिनं सगळ्या जत्रा पाहिल्या होत्या. आता तिचं लग्न ठरलं. त्या गावची रीत अशी, की लग्न टेकडीवरच्या देवीच्या देवळात लागायचं, आणि पायथ्यापासून मांडवापर्यंत नवरीला तिच्या मामानं उचलून न्यायचं. पायऱ्या काही फार नव्हत्या. पण आमच्या मामांना घराचा उंबरा ओलांडतानाही धाप लागायची.

शेजारीपाजारी म्हणाले, "गावातल्या पैलवानाला सांगा. तो नेईल उचलून."

बकुळा हटून बसली. "मामा, जाईन तर तुझ्याच हातांवर. दुसऱ्या कुणी मला उचलायचं नाही."

मामांचे डोळे भरून आले. "अगं वेडे, दुसऱ्या कुणाला मी उचलू देईन होय?"

ते तडक वैद्यबुवांकडे गेले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, पोट पाहिलं. पोटच जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लग्नाला अजून अवकाश आहे. तळलेलं, गोडधोड बंद करा. दोन्ही वेळा बेतानं जेवा. मधे भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, नाहीतर एखादी काकडी. बस्स. जरा हातपाय हलवा, उतरेल वजन."

एवढं सोपं होतं हो! पण सोपं काम गुपचूप करतील तर ते मामा कसले? घरी येता येता ते पारावर थांबले आणि साऱ्या गावाला सांगून आले, "मी पथ्यावर आहे!"

झालं! दुसऱ्याच दिवशी शेजारची काकू वाटी घेऊन हजर. "मामा पथ्यावर आहेत ना? ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा आणलाय. अगदी पथ्याचा." त्यात शेंगदाणे होते, खोबऱ्याचे काप होते, आणि बोटांना चांगलं तेल लागत होतं. मागोमाग पलीकडच्या घरातली आजी नाचणीचे लाडू घेऊन आली. "तूप बेताचंच घातलंय हो," म्हणाली. मग कुणी राजगिऱ्याच्या वड्या आणल्या, कुणी खोबरं पेरलेली उसळ. सगळ्यांना बकुळेची माया. मामांच्या पथ्याला आपलाही हातभार लागावा, असं जो तो म्हणे.

मामांनी सगळ्यांचं मन राखलं.

"अहो, वैद्यबुवांनी मूठभर सांगितलंय!" मामी म्हणाली.

"अगं, पथ्याचंच तर खातोय. मी काय भजी खाल्ली? जिलबी खाल्ली?"

"लाडू खाल्लात ना? नको म्हणायला काय होतं तुम्हाला?"

"प्रेमानं आणलेलं नको कसं म्हणायचं? काकूला किती वाईट वाटेल! आणि नाचणीचा लाडू म्हणजे काही लाडू नव्हे."

आता अशा माणसाशी काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

बरं, शेजारून वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही, ही त्या गावची आणखी एक रीत. मामी वाटीत घालणार काय? घरात गोडधोड ठेवणं तिनं केव्हाच बंद केलं होतं. डब्यात होते फक्त मामांसाठी आणलेले फुटाणे. तेच ती मूठ मूठ घालून देई. म्हणजे मामांचे फुटाणे गेले शेजाऱ्यांच्या पोटात आणि शेजाऱ्यांचे लाडू आले मामांच्या पोटात! मामीच्या हे ज्या दिवशी ध्यानात आलं, त्या दिवशी तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि रिकामा डबा मामांपुढे आदळला.

"उद्यापासून मी वाट्या दारातूनच परत पाठवणार."

मामा गयावया करू लागले. "असं नको करूस. घरात लग्न आहे, लोक काय म्हणतील? एवढा आठवडा जाऊ दे. मग मी स्वतःच सांगतो सगळ्यांना."

तो आठवडा गेला. पुढचाही गेला. मामा रोज सांगणार होते आणि रोज खात होते.

लग्न तोंडावर आलं तेव्हा बकुळा म्हणाली, "मामा, एकदा उचलून तर बघ." मामांनी तिला उचललं आणि अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचायच्या आत खाली ठेवलं. चेहरा लालबुंद झाला होता. "आज जरा जेवण जास्त झालंय," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी बघ कसा नेतो!"

बकुळा आत निघून गेली. मामीला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात दारातून हाक आली, "मामा आहेत का? शेंगदाण्याची चिक्की आणलीय. गुळाची आहे, पथ्याची."

"आहे, आहे, ये ना!" मामा म्हणाले.

लग्नाचा दिवस उजाडला. देवळातून भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला आणा होऽ!" सनई सुरू झाली. मामांनी फेटा सावरला, बकुळेला उचललं आणि ते पायऱ्या चढू लागले. जेमतेम काही पायऱ्या चढले असतील, पाय लटपटायला लागले. त्यांनी तिला खाली ठेवलं आणि तिथंच बसकण मारली. पैलवान धावत आला. बकुळेनं त्याला हातानंच थांबवलं.

"मुहूर्त टळतोय!" वरून भटजी ओरडले.

बकुळेनं शालूच्या निऱ्या वर खोचल्या, मामांच्या बगलेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. "चल मामा. माझ्यावर भार टाक." एकेक पायरी करत ती त्यांना वर घेऊन आली.

मांडवात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, इथं तर मुलीनंच मामाला आणलं!" सगळा मांडव हसला. मामांनीही हसायचा प्रयत्न केला, पण त्यांना हसू येईना.

अक्षता पडल्यावर काकू लगबगीनं आली. "मामा, फार दमलात हो. हा घ्या लाडू, नाचणीचाच आहे."

"नको," मामा म्हणाले.

"बरं," म्हणून काकूनं लाडू डब्यात ठेवला आणि ती पंगतीकडे निघून गेली. ना ती रुसली, ना तिला वाईट वाटलं.

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "एवढंच म्हणायचं होतं होय?" ते पुटपुटले.

"एवढंच म्हणायचं होतं," मामी म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

तात्पर्य: पथ्याचा पदार्थसुद्धा मूठभरच खायचा असतो, आणि वेळेवर 'नको' म्हणायला जो लाजतो, त्याला ऐन वेळी आपल्याच माणसांपुढे मान खाली घालावी लागते.